लेंडी दिसते, मूत दिसत नाही: घरातले उंदीर आणि त्यांच्यापासून होणारे आजार

ओट्याखालच्या ट्रॉलीत चार काळ्या लेंड्या दिसल्या की घरात धावपळ सुरू होते. गोंदाची पट्टी येते, औषधाची वडी येते, एखादा उंदीर सापडतो आणि विषय मिटतो. पण आजाराच्या बाजूने पाहिलं तर ही धावपळ चुकीच्या टोकापासून सुरू होते. उंदीर चालता चालता थेंब थेंब मुतत असतो. ते वाळलं की डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्या मुंबई-ठाण्याच्या भागात उंदरापासून होणारा सगळ्यात गंभीर आजार त्या मुतातूनच येतो. म्हणून आधी तीन गोष्टी शोधाव्यात: ओल कुठे आहे, भोक कुठे आहे आणि उंदराला खायला काय मिळतंय. मारण्याचा विचार त्यानंतर.

लेप्टो: धोका ओल्या जागी

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. तो ज्याच्यामुळे होतो तो लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या आणि घुशीच्या मूत्रपिंडात ठाण मांडतो. प्राण्याला सहसा काही होत नाही. तो महिनोन्‌महिने जिवाणू मुतातून बाहेर टाकत राहतो. कोरड्या फरशीवर, उन्हात हा जिवाणू लवकर मरतो. ओल्या मातीत, डबक्यात, गटाराच्या कडेच्या चिखलात मात्र कित्येक आठवडे टिकतो. फडताळातली वाळलेली लेंडी किळसवाणी असते, पण लेप्टोच्या बाबतीत सोसायटीच्या गेटजवळ साचलेलं घोटाभर पाणी तिच्याहून कितीतरी धोक्याचं.

आपल्याकडे अशा पाण्याची कमतरता नाही. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर जोराच्या पावसात भरतोच. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाणी खाडीत जात नाही, सखल सेक्टरमध्ये तुंबून राहतं. अशा वेळी बिळं बुडतात आणि घुशी, उंदीर वर येतात, जिन्यात आणि पार्किंगमध्ये शिरतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोची मोठी लाट आली.

जिवाणू शरीरात शिरतो तो जखमेतून, ओरखड्यातून, टाचेच्या भेगांतून, डोळ्या-नाकातून. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या ही त्याची आवडती वाट, आणि बहुतेक जण त्यांना जखम समजतच नाहीत. बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेल्या त्वचेतूनही तो जाऊ शकतो. म्हणून चिखल्यांवर जून उजाडायच्या आधीच इलाज करून घ्यावा. पायाला काही लागलं असेल तर बाहेर पडण्यापूर्वी पाणी न शिरणारी पट्टी लावावी. चप्पल घालून साचलेल्या पाण्यातून जाण्यापेक्षा गमबूट बरे; वॉचमन, सफाई कामगार आणि माळीकाकांना ते सोसायटीने द्यावेत, ती चैन नव्हे. घरी आल्यावर साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुवावेत आणि बेचक्या नीट कोरड्या कराव्यात.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर २४ ते ७२ तासांत प्रतिबंधक औषधासाठी डॉक्टरकडे जायला हवं. मुंबई महापालिका पावसाळ्यात याच्या सूचना देते. प्रौढांसाठी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम. एकदाच पाण्यातून गेलेला आणि जखम नसलेला माणूस असेल तर एक डोस, जखम असेल तर रोज एक असे तीन दिवस, आणि ज्याला वारंवार त्या पाण्यात उतरावं लागतं त्याला आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध चालत नाही, त्यांना डॉक्टर दुसरं देतात. गोळी जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नये. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणून घरभर वाटू नयेत.

ताप येतो तो साधारण ५ ते १४ दिवसांनी, कधी दोन दिवसांत तर कधी महिन्यानेही. तोवर माणूस ते पाणी विसरलेला असतो, आणि खरी अडचण इथेच आहे. पावसाळ्यात मलेरिया, डेंगी आणि लेप्टो तिघांचाही ताप सुरुवातीला सारखाच दिसतो. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. पुढे कावीळ, लघवी कमी होणं, धाप, खोकल्यातून रक्त, हे सगळं झपाट्याने होऊ शकतं. प्लेटलेट लेप्टोतही घटतात, त्यामुळे डेंगीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. लेप्टोची आयजीएम चाचणीही (रक्तात जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी) साधारण पाच-सात दिवसांनंतरच भरवशाची होते. पहिल्या दिवसांतली निगेटिव्ह चाचणी लेप्टो नाकारत नाही. म्हणून डॉक्टरसमोर बसताच आपणहून सांगावं: दहा दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून चाललो होतो, घरात किंवा दुकानात उंदीर आहेत. या एका वाक्यावर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, ती मूत्रपिंडावर ताण आणतात, पॅरासिटामॉल चालतं. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर दवाखाना नको, थेट रुग्णालय: ठाण्यात सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीत महापालिकेचं रुग्णालय.

घरात पाळलेला कुत्रा असेल तर त्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा भाग आहे ना, हे पशुवैद्याला विचारावं. कुत्र्यालाही हा आजार होतो आणि मग त्याच्या मुतातूनही तो पसरतो.

पायाला चावतो तेव्हा

रात्री उंदीर चावणं हे फक्त झोपडपट्टीत घडतं असा समज आहे. तो खरा नाही. सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती मधुमेह असलेल्या आजी-आजोबांची. पायाच्या नसा बधिर झालेल्या असल्या की उंदीर अंगठा किंवा टाच कुरतडतो आणि माणूस जागाच होत नाही. सकाळी चादरीवर रक्त दिसतं. डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. घरात उंदराची चाहूल असेल तर अशा माणसाने झोपताना मोजे घालावेत, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, झोपण्याआधी हातापायांचा जेवणाचा वास धुऊन काढावा आणि रोज सकाळी आरसा धरून तळवे बघावेत. तान्ह्या बाळाच्या तोंडाला लागलेलं दूधही असंच पुसून काढावं.

चावा घेतलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. हळद, चुना काही भरू नये. घरातल्या उंदराच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही, पण ते डॉक्टरला ठरवू द्यावं. जखम भरली आणि तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही ताप, पुरळ, सांधेदुखी किंवा जखमेशी पुन्हा सूज आली तर उंदराच्या चाव्याने येणारा ताप असू शकतो. पेनिसिलिन गटाच्या औषधाने तो बरा होतो, फक्त चावा सांगावा लागतो.

अन्नावाटे साल्मोनेला होतो, म्हणजे जुलाब-उलट्या. इथे एका सवयीकडे बोट दाखवावंसं वाटतं. पहाटे दाराच्या कडीला लटकवलेल्या पिशवीतलं दूध आणि पाव. जिन्यात उंदीर असतील तर त्या पिशवीवर तो चढून गेलेला असतो. दुधाची पिशवी कापण्याआधी बाहेरून साबणाने धुवावी. कुरतडलेली दिसली तर टाकून द्यावी. झाकणाचा डबा दाराबाहेर ठेवला की प्रश्नच मिटतो. कांदे-बटाट्याची टोपली जमिनीवर नको, आणि थंड पेयाच्या डब्याचं तोंड धुतल्याशिवाय ओठाला लावू नये.

पिसवांचं प्रकरण वेगळं. उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो. १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला गेला. १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगने पुन्हा धडकी भरवली. आज तशी परिस्थिती नाही, पण एक नियम तेव्हाचाच आहे: विष न घालता आवारात एकदम बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवायचं. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात. येऊर किंवा पारसिकच्या डोंगराला लागून घर असेल तर स्क्रब टायफसही लक्षात ठेवावा. झुडपांतल्या किड्यांच्या पिल्लांमार्फत तो येतो, ते उंदरांच्या अंगावर वाढतात. ताप आणि काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी न दुखणारी काळी खपली हे त्याचं लक्षण.

कोण आहे ते आधी ओळखा

लेंडी ३ ते ६ मिलिमीटरची असेल तर पिटुकला उंदीर. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आणि दोन्ही टोकं निमुळती असतील तर पाइपावरून, केबलवरून चढणारा काळा घरउंदीर. इमारतींच्या वरच्या मजल्यावर हाच असतो. दीड-दोन सेंटिमीटर, बोथट टोकं आणि आवारात ताज्या मातीचे ढिगारे असतील तर घूस. ताजी लेंडी काळी, मऊ, चमकदार असते; जुनी राखाडी होते आणि दाबली की चुरा होते. पण हात लावून पाहू नका, काडीने पाहा. चिचुंद्री मात्र उंदीर नाही. ती भिंतीच्या कडेने चीं चीं करत जाते, झुरळं खाते.

उंदराचा रस्ता शोधायचा असेल तर रात्री ओट्याखाली, फ्रीजमागे हातभर पट्ट्यात टाल्कम पावडर पसरावी. सकाळी पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. भिंतीच्या कडेला तेलकट काळपट डाग म्हणजे रोजची वाट. आवारातल्या बिळात वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवावा. दुसऱ्या दिवशी फाडलेला असेल तर बीळ चालू आहे.

भोकं

माझं ठाम मत आहे की उंदरावरचा निम्मा खर्च गवंडी आणि प्लंबरवर व्हायला हवा. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते दहा पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. भोक उघडं ठेवून मारत राहणं म्हणजे बाहेरच्यांना जागा करून देणं.

६ मिलिमीटरच्या फटीतून पिटुकला जातो. करंगळी शिरते तिथून, म्हणजे १२ मिलिमीटरमधून, घरउंदराचं पिल्लू जातं. आपल्या फ्लॅटमध्ये या जागा ठरलेल्या असतात. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, कारण प्लंबर ते नेहमी मोठं फोडतो आणि वरून फक्त स्टीलची चकती बसवतो. चकती सरकवून टॉर्च मारा. एसीच्या तांब्याच्या नळीचं भोक. ड्राय बाल्कनीतली न्हाणी, म्हणजे फरशीतलं सांडपाण्याचं तोंड, जिच्यात वॉशिंग मशिनची नळी नुसती खुपसलेली असते आणि जाळी काढून ठेवलेली असते. डक्टकडे उघडणारी बाथरूमची काचपट्टी. सेफ्टी डोअरखालची फट. फॉल्स सीलिंगमधला वायरचा मार्ग.

बुजवताना चुका होतात त्या सामानात. पीयू फोम (भोकात फवारला की फुगून घट्ट होणारा फेस) एकटा भरला तर उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. नुसतं पांढरं सिमेंट पीव्हीसी पाइपाभोवती लावलं तर पाइप हलतो, तापतो, आणि केसभर भेग पडून सहा महिन्यांत तुकडा निखळतो. साधी लोखंडी लोकर बाथरूममध्ये गंजून भुसभुशीत होते. पाइपाभोवती आधी भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची जाळीदार घासणी घट्ट कोंबावी, मग एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा माल भरावा, वरून हवं तर पांढरं सिमेंट. मोठ्या भोकाला ६ मिलिमीटर घराची गॅल्वनाइज्ड जाळी खिळवून त्यावर माल. दाराखालची फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी राहील अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. ब्रशची पट्टी उंदीर कुरतडतो. स्वयंपाकघरातली गॅससाठी ठेवलेली हवेची जागा कधीही सिमेंटने बंद करू नये, तिथे फक्त जाळी. आणि त्याच वेळी सिलेंडरची नळी पाहा: साधी रबरी असेल तर उंदीर ती कुरतडतात. तारेचं वेष्टण असलेली नळी घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी.

एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घोडबंदर रोडला किंवा खारघरला महिनोन्‌महिने बंद असलेले फ्लॅट असतात. न्हाणीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या भागात, अडून राहिलेलं पाणी आटतं आणि मलवाहिनीतून वर यायची वाट उघडी होते. मालकाने किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक न्हाणीत आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी टाकायला सांगावं, कमोडचं झाकण बंद ठेवावं.

भोक बुजवण्याआधी कागदाचा बोळा घाला. दोन-तीन रात्री जागचा हलला नाही तर बुजवा. फाडला असेल तर त्याच्या तोंडाशी सापळा लावा, आतला उंदीर काढा, मग बुजवा. घाईने बुजवलं तर उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये अडकून मरतो आणि आठवडाभर वास घरभर फिरतो.

सापळा, आणि विष का नको

खटक्याचा सापळा सगळ्यात बरा, मरण पटकन येतं. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. घरउंदीर नवीन वस्तूला घाबरतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री खटका न ओढता नुसतं आमिष ठेवा: भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचा कूट, सुकट. आमिष शेंगदाण्याएवढंच, जास्त ठेवलं तर तो कडेने खाऊन जातो. पिटुकल्यांसाठी दर दोन-तीन मीटरवर एक सापळा, मोठ्यांसाठी पाच-सहा मीटरवर. त्या रात्री बाकी काहीही उघडं अन्न नको, कुत्र्या-मांजराची ताटलीही नाही.

गोंदाच्या पट्टीवर उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि भीतीने तिथेच मुततो. ज्या गोष्टीपासून वाचायचं तीच स्वयंपाकघरात सांडते, आणि प्राण्याचे हाल होतात ते वेगळेच. पिंजऱ्यातही तो मुततो, शिवाय पिंजरा नाल्यावर नेऊन उघडणं म्हणजे उंदीर पुढच्या सोसायटीला देणं.

घरात विष ठेवू नये, आणि दोन विषं तर दारातही येऊ देऊ नयेत. एक, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट: मुलांच्या तोंडात गेली तर यकृत निकामी होतं, उतारा नाही. दुसरं, झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी: पोटातल्या आम्लात फॉस्फिन वायू तयार होतो, त्यालाही उतारा नाही. ब्रोमाडायोलोनची वडी, ०.००५ टक्क्यांची, रक्त गोठू देत नाही. उंदीर तीन ते सात दिवसांनी मरतो, कुठे ते सांगता येत नाही. तिला व्हिटॅमिन के१चा उतारा आहे, म्हणून कुणी चुकून खाल्लं तर वेष्टण घेऊन रुग्णालयात धावावं, रक्त यायची वाट पाहू नये. असा उंदीर खाल्लेलं मांजर आणि गव्हाणी घुबडही मरू शकतं.

साफसफाई

लेंड्यांवर कोरडा झाडू फिरवू नका, व्हॅक्यूमही नको. धूळ उडून श्वासात जाते. खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, ढवळून निवळू द्या आणि वरचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा. ताजंच वापरा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरतो. लेंड्या आणि मुताचे डाग चिंब भिजवा, पाच मिनिटं थांबा, कागदाने उचला, दुहेरी पिशवीत बांधा. मेलेल्या उंदरालाही हेच. मग जागा त्याच पाण्याने पुसा, हातमोजे घातलेले असतानाच साबणाने धुवा, नंतर काढा. ब्लीचिंगच्या पाण्यात टॉयलेटचं अ‍ॅसिड किंवा दुसरा क्लीनर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुस जाळतो. लेंड्या पडलेलं धान्य, पीठ, सुका मेवा निवडून वापरू नये, टाकून द्यावं.

सोसायटीच्या वाट्याचं

पार्किंगमधल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीच्या पातळीला असेल तर पुराचं पाणी थेट आत जातं. झाकण फूटभर उंच कट्ट्यावर घ्यावं आणि हवेच्या पाइपला जाळी लावावी. पुराचं पाणी टाकीत गेलंच तर ती उपसून, घासून पुन्हा भरावी आणि १० हजार लिटरला दीड किलो ब्लीचिंग पावडर (बादलीत विरघळवून वरचं पाणी) टाकावी. चोवीस तास ते पाणी नळाला जाऊ देऊ नये, मग सगळं सोडून द्यावं. नंतरच पिण्याचं पाणी घ्यावं.

शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला की घुशी आपल्या आवारात येतात. तोडकामाच्या आधीच कंपाउंडच्या कडेची बिळं खडी आणि काँक्रीटने भरावीत, चेंबरची फुटकी झाकणं बदलावीत आणि जुन्या, वापरात नसलेल्या मलवाहिनीचं तोंड बंद करून घ्यावं. घुशींचा राजमार्ग तोच असतो. भिंतीला टेकलेल्या फांद्या मीटरभर छाटाव्यात. कबुतरांसाठी गच्चीवर टाकलेले दाणे रात्री उंदीर खातात, ते बंद करण्यासाठी सभेत भांडावं लागलं तरी भांडावं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला कंत्राट देताना कीटकनाशके कायदा १९६८ खालचा परवाना पाहा. विष कुलूपबंद डब्यांतच ठेवलं जाईल, प्रत्येक डब्याला नंबर असेल, डब्यांचा नकाशा सचिवाकडे राहील आणि दर फेरीत किती वडी खाल्ली गेली त्याची नोंद मिळेल, हे कागदावर घ्या. नुसत्या फवारणीच्या फेऱ्या मोजणाऱ्याला परत पाठवा.